कोयता निघण्याआधी

भादवा सरत आला की पाथर्डी तालुक्याच्या पूर्वेकडच्या गावांत ऊसतोडीच्या टोळ्या जमवणाऱ्या मुकादमांच्या मोटारसायकली फिरू लागतात. कुणाची उचल म्हणजे आगाऊ रक्कम किती ठरली, यंदा कोणता कारखाना, बैलगाडीनं ऊस वाहायचं गाडी सेंटर की डोक्यावरून मोळ्या वाहायचं डोकी सेंटर, याची बोलणी पारावर आणि हॉटेलात चालतात. बाजरी काढून झालेली असते, सरमाडाची बुचाडं उभी राहिलेली असतात, कपाशीची पहिली वेचणी लागलेली असते. आमच्या उपकेंद्रात मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दसऱ्याला खूण करते. घट उठले की पुढं कारखान्यांच्या तारखेप्रमाणं गाड्या यायला लागतात आणि कोयता निघतो. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. ऊसतोडीत माणसं अशीच मोजतात. निम्मं गाव सहा महिन्यांसाठी बाहेर पडतं. त्यामुळं आमच्याकडं आरोग्याची कामं ऋतू बघून कमी आणि गाड्यांची तारीख बघून जास्त होतात.

मी आरोग्यसेविका. बायका सिस्टर म्हणतात, म्हातारी माणसं नर्सबाई. जिल्ह्याचं नाव २०२४ पासून अहिल्यानगर झालं, पण अजून आमच्या तोंडी ‘नगर’च बसलेलं आहे. क्षेत्रफळानं हा राज्यातला सगळ्यांत मोठा जिल्हा, आणि त्याचे दोन भाग एकमेकांपेक्षा फार वेगळे आहेत. उत्तरेला प्रवरा, मुळा आणि गोदावरीचे कालवे, ऊस आणि साखर कारखाने. पहिला सहकारी साखर कारखाना लोणीजवळ प्रवरानगरला उभा राहिला, विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं. दक्षिणेला पाथर्डी, जामखेड, कर्जत आणि शेवगावचा बराच भाग पर्जन्यछायेतला. एका बाजूला ऊस उभा राहतो, दुसऱ्या बाजूनं तो तोडणारे हात जातात. माझी नोकरी या दोन्ही बाजूंना झाली. आधी पाथर्डीत, मग बदली होऊन नेवासे तालुक्यात, आणि आता पुन्हा पाथर्डीत. मधली नेवाशाची वर्षं नसती तर हे लिहिण्यासारखं माझ्याकडं फारसं काही नव्हतं.

शरद ऋतूत काय खावं, काय टाळावं याच्या सूचना दरवर्षी निघतात. पावसात साठलेलं पित्त या दिवसांत उसळतं, म्हणून आंबट-तिखट कमी करावं, दुपारचं ऊन टाळावं, दुपारी झोपू नये, दूध-तूप घ्यावं, हे आयुर्वेद सांगतो. वैद्यांमध्ये तर जुनी म्हण आहे, की शरद ऋतू ही वैद्यांची आई. तीच त्यांना पोसते. प्राथमिक आरोग्य केंद्राचं ओपीडी रजिस्टर पाहिलं तर ते पटतं. दिवसा भादव्याचं ऊन, पहाटे गारवा, मधेच परतीचा पाऊस. ताप, हगवण, कावीळ, डेंग्यू, खरूज, सगळं याच दोन महिन्यांत. पण दुपारचं ऊन टाळा, हे कपाशी वेचणाऱ्या बाईला कसं सांगायचं? ती पहाटे दव असताना वेचत नाही, कारण ओला कापूस व्यापारी नाकारतो. ऊन चढल्यावरच तिचं काम सुरू होतं. म्हणून मी सल्ला तिच्या दिवसात बसेल इतकाच देते: डोक्याला ओला फडका बांध, पाण्याची बाटली सरीच्या कडेला ठेव, आणि घोटघोट पाणी पीत राहा. लघवीला जावं लागेल म्हणून पाणी पिणं टाळू नको. हे शेवटचं वाक्य मी प्रत्येक बाईला म्हणते, आणि ते का म्हणते हे नेवाशाबद्दल सांगताना पुढं येईल.

डेंग्यूचंच घ्या. ‘आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा’ ही सरकारी सूचना बरोबरच आहे. डास अंडी घालतो ते स्वच्छ साठलेल्या पाण्यात, आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पण आमच्याकडं नळाला पाणी कधी आठ दिवसांनी येतं, उन्हाळ्यात टँकरवर भागतं. इथल्या बाईला हौद ओतून दे म्हणणं म्हणजे तिचं धन मातीत घाल म्हणण्यासारखं आहे. एक आजी मला सरळ म्हणाल्या होत्या, “नर्सबाई, डास चावला तर ताप येईन. पाणी संपलं तर काय पिऊ?” त्यांचं म्हणणं खरंच होतं.

तोडगा निघाला तो घटस्थापनेच्या साफसफाईतून. घट बसण्याआधी आमच्याकडं घर उपसून काढतात. भिंती सारवतात किंवा रंगवतात, भांडी घासतात, आणि घरातली झाडून सगळी अंथरुणं-पांघरुणं, गोधड्या ओढ्यावर किंवा विहिरीवर नेऊन धुतात. भाद्रपदाच्या त्या शेवटच्या आठवड्यात काठाकाठानं गोधड्या वाळत पडलेल्या दिसतात. त्या आठवड्यात पाण्याचा वापर आपसूकच वाढतो आणि हौद तळाला जातो. मी आणि आमच्या आशाताईंनी नेमका तोच आठवडा धरला. हौद रिकामा करा असं न म्हणता, गोधड्यांना हौदातलंच पाणी वापरा, आणि तळ दिसला की आतून काथ्यानं घासा, एवढंच सांगायला लागलो. घासायचं कारण मी दाखवते: पाणी जिथवर चढतं त्या रेषेच्या जरा वर हात फिरवला की बारीक काळे कण बोटाला लागतात. ती डासाची अंडी. पाणी आटलं तरी ती भिंतीला चिकटून कित्येक महिने जगतात आणि पुन्हा पाणी चढलं की फुटतात. नुसतं ओतून काम होत नाही ते यामुळं. बोटावरचा तो काळा कण एकदा पाहिला की पुढच्या वर्षी बाई स्वतःच काथ्या घेऊन हौदात उतरते. ज्यांचा हौद कधीच रिकामा होत नाही त्यांना तोंडाला जुनी साडी ताणून बांधायला सांगतो, मोठ्या टाक्यांत गप्पी मासे सोडतो, अळ्या मारणारं टेमिफॉस टाकतो. देवीसाठी घर स्वच्छ होतंच आहे, आपण त्या वेळी फक्त हजर राहायचं असतं.

नवरात्राचे नऊ दिवस आमच्यासाठी जोखमीचे असतात. पाथर्डी तालुक्यात मोहट्याची देवी आहे. नवरात्रात तिथं दूरदूरून बाया चालत येतात, कित्येक जणी अनवाणी. काहींचे नऊ दिवस कडक उपवास, काहींचे उठता-बसता, म्हणजे घट बसताना आणि उठताना. उपवास मोडा, असं मी आजवर कुणालाही म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही. पण ज्या बाईला मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत तिनं डॉक्टरांना न विचारता रिकाम्या पोटी गोळी घेऊ नये, गोळी बंदही करू नये, हे मी घटस्थापनेच्या आधी घरोघर सांगून येते. गरोदर बाईनं तर उठता-बसता उपवासच करावा, आणि तोही दूध, शेंगदाणे, राजगिरा, खजूर, फळं असं पोटभर खाऊन. शाबुदाण्याच्या खिचडीनं पोट भरतं, पण रक्त वाढत नाही. आणि अनवाणी चालणाऱ्या बायांना पायाला काही लागलं, काटा मोडला तर लगेच येऊन दाखवायला सांगते. साखर असलेल्या बाईच्या पायाची छोटी जखम पुढं बोट काढायची वेळ आणते.

भगरीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण याचा धोका अजून घरोघर पोचलेला नाही. नवरात्रात भगरीच्या भाकरी खाऊन विषबाधा झाल्याच्या बातम्या राज्यात पुन्हा पुन्हा येतात. अख्ख्याच्या अख्ख्या कुटुंबाला उलट्या, चक्कर, हातपाय थरथरणं असा त्रास होतो. भगर ओलाव्यात राहिली की तिच्यावर बुरशी धरते, ती विष तयार करते आणि ते विष शिजवूनही जात नाही. दळलेलं पीठ ओलावा आणखी लवकर ओढतं. पावसाळा नुकताच संपलेला, हवेत दमटपणा, आणि दुकानात गेल्या वर्षीच्या गोण्या. अन्न व औषध प्रशासनही नवरात्राच्या तोंडावर हेच बजावतं: सुटी भगर आणि सुटं पीठ घेऊ नका, पाकीटबंद घ्या, त्यावरची तारीख बघा, घरी स्वच्छ करून लागेल तेवढीच दळा, दळलेलं पीठ साठवू नका. आमच्या गावच्या दुकानदारालाही मी समोर बसवून हे सांगितलं. त्यानं गेल्या वर्षीची गोणी परत पाठवली. त्याचं मला फार बरं वाटलं.

२०२२ साली घटस्थापनेच्या दिवशी, २६ सप्टेंबरला, राज्यात ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ अभियान सुरू झालं. अठरा वर्षांवरच्या सगळ्या बायकांची तपासणी. २०२५ मध्ये १७ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर असं ‘स्वस्थ नारी, सशक्त परिवार’ अभियान झालं, आणि त्या वर्षी २ ऑक्टोबरलाच दसरा होता. या अभियानांबद्दल मला मनापासून चांगलं बोलायचं आहे. एरवी स्वतःच्या दुखण्यासाठी दवाखान्याची पायरी न चढणारी बाई देवीच्या दिवसांत शेजारणींबरोबर येते. आमच्या इथं तर ते दिवस नेमके गाव भरलेलं असतानाचे. दिवाळीनंतर असं शिबिर लावलं तर रांगेत म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरंच दिसतील.

तपासणीत सगळ्यांत जास्त सापडतं ते रक्त कमी असणं. हिमोग्लोबिन सातच्या खाली आलेली, पाचवा महिना लागलेली बाई समोर बसते आणि म्हणते, “मला काय बी व्हत न्हाई, जरा दम लागतो.” तिला आयर्न सुक्रोजची इंजेक्शनं द्यायची तर तीन-चार फेऱ्या पडतात. दसऱ्याला तीन आठवडे असतील तर जमतं. एकच असेल तर जमत नाही. म्हणून मी भादव्यात पहिली यादी करते ती गरोदर बायांची, आणि तीत शेवटच्या पाळीच्या तारखेइतकीच एक तारीख महत्त्वाची मानते: मुकादमानं सांगितलेली निघायची तारीख.

या यादीतली सगळ्यांत अवघड नावं आठव्या-नवव्या महिन्याची. एका मुलीला मी म्हणाले, बाळंतपण होईपर्यंत तू आईकडं राहा, नवरा जाईल पुढं. तिची सासू चुलीपाशी बसली होती. ती शांतपणे म्हणाली, “सिस्टर, ती ऱ्हायली तर आर्धा कोयता. आर्धा कोयता कोण घेतंय? अन उचल तर पुऱ्या कोयत्याची खाल्ली.” उचल पूर्ण घेतलेली, त्यातून घराचे पत्रे आणि दिराचं लग्न झालेलं. त्या घरात माझ्या सल्ल्याला जागाच नव्हती. मग आम्ही तिघींनी बसून दुसरा मार्ग काढला: तिची बहीण पहिले दोन महिने हिच्या जागी जाईल आणि मुकादमानं ते कबूल करावं. मुकादमाशी बोलायला आमच्या आशाताई गेल्या, कारण तो त्यांच्या भावकीतला. त्यानं ऐकलं. प्रत्येक मुकादम ऐकत नाही, आणि प्रत्येक सुनेला बहीण नसते.

विंचू आणि साप हा शरदातला आमच्याकडचा मोठा विषय. सरमाड उचलताना, गोवऱ्या काढताना, दगडाचा बांध लावताना विंचू चावतो. लाल विंचवाचं विष थेट हृदयावर जातं. माणूस घामाघूम होतो, हातपाय गार पडतात, छाती धडधडते, आणि मग फुप्फुसात पाणी भरून तो जाऊही शकतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणात असे रुग्ण वर्षानुवर्षं पाहिले आणि रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी स्वस्त गोळी त्यावर चालते हे दाखवून दिलं. त्यांचं काम ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. आज आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ती गोळी असते. ग्रामीण भागातल्या एका डॉक्टरनं आपल्याच पेशंटांकडं नीट पाहून जगाला दिलेला हा उपाय, तो आम्हाला इथं हाताशी आहे, याचा मला अभिमान वाटतो. विंचू चावलेल्या पोराला घाम सुटला असेल तर मंत्र, उतारा यात एक मिनिटही घालवू नका, हे मी ओरडून सांगते.

सापाचं वेगळं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं. घोणस बाजरीच्या, सोयाबीनच्या काढणीत पायाला चावते. सूज येते, लघवीतून, हिरड्यांतून रक्त जातं. डॉक्टर काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही की कळतं, विष रक्तात आहे. मण्यार मात्र झोपेत चावते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला कळतही नाही, दुखत नाही, सूज नाही. पहाटे पोटात कळ येते, मग पापण्या जड होतात, बोलणं जड होतं. ‘पित्त झालंय’ म्हणून सोडा देऊन बसवलं की वेळ हातची गेली. या दिवसांत पहाटे अचानक पोट दुखून पापण्या मिटायला लागल्या तर आधी मण्यार समजा आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन लावा. घट्ट दोरी बांधू नका, कापू नका, चोखू नका, माणसाला चालवू नका.

आणि मच्छरदाणी. मी हिच्यामागं लागलेली असते ते डासांपेक्षाही मण्यारीसाठी. अंथरुणाखाली चारही बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी असली तर मण्यार आत येत नाही. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून दुपारी झोळीत झोपणाऱ्या तान्ह्या बाळावरही ती घालायची. गावात खाट असते, ऊसतोडीच्या मुक्कामी, कोपीवर, कुणाकडंच नसते. बाकी काही न्या-नका नेऊ, मच्छरदाणी न्याच, असं मी निघणाऱ्या प्रत्येक बाईला सांगते.

नेवाशाला बदली झाली तेव्हा ‘कोपीवर’ म्हणजे काय ते मला पहिल्यांदा कळलं. तोवर मला वाटायचं, माझ्या बाया कारखान्यावर जातात, म्हणजे निदान मोठ्या गावाजवळ, दवाखान्याजवळ जातात. रस्त्याच्या कडेला बांबू आणि चटयांच्या त्या बुटक्या खोपी, आत वाकून जायचं, मातीची जमीन, बाहेर टायरगाडीची बैलं बांधलेली. पाणी कुणाच्या तरी मोटारीचं, मालकाच्या मर्जीवर. संडास नाही. पहाटे चारला उठून भाकरी बडवायच्या, उजाडायच्या आत फडात. कधीकधी ट्रक रात्री येतो, मग रात्री मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढून भरायचं. बायका पाणी का पीत नाहीत ते मला तिथं समजलं. आडोसा नाही, म्हणून अंधार पडेपर्यंत लघवी दाबून ठेवतात. मग जळजळ, ताप, ओटीपोट दुखणं, पांढरं जाणं. पाळीच्या दिवसांत तेच कापड, धुवायला पाणी नाही, वाळत घालायला जागा नाही. कामाला खाडा झाला तर पैसे कापले जातात, म्हणून दवाखाना उद्यावर.

या दुखण्यांचा शेवट कुठं होतो ते बीड जिल्ह्यानं महाराष्ट्राला दाखवलं. २०१९ साली ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याचा प्रश्न विधिमंडळात आला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ बायकांची पिशवी काढलेली निघाली. आमची गावं बीडच्या सीमेला लागून आहेत, तिकडच्या लेकी इकडं सुना आहेत. तिशीतली बाई “पिशवी काढून टाकली, आता कटकट न्हाई” असं सांगते तेव्हा मला तिच्यावर रागवता येत नाही. साधा संसर्ग होता, वेळेवर आठवड्याच्या गोळ्यांनी बरा झाला असता. त्या आठवड्यात ती कुठल्याच दवाखान्याच्या हद्दीत नव्हती, एवढंच.

हद्दीचा हा प्रश्न सगळ्याच्या मुळाशी आहे. पाथर्डीच्या रजिस्टरात मुलाच्या नावापुढं ‘स्थलांतरित’ असा शेरा पडला की ते मूल आमच्या उद्दिष्टातून सुटतं. नेवाशाच्या रजिस्टरात ते कधी लिहिलेलंच नसतं, कारण ते तिथलं नाही. गोवराची लस नऊ महिन्यांना. आणि ज्या बाळाला ऑक्टोबरात सातवा महिना आहे त्याचा नववा महिना फडात भरणार. त्या बाळाची लस कुणाच्या कामात मोडते? आता लसीकरणाच्या यू-विन पोर्टलवर नोंद असेल तर देशात कुठंही डोस देता येतो आणि बाळाची माहिती तिथं दिसते. ही फार चांगली सोय झाली. पण बाळ समोर यावं लागतं आणि आपण बाळासमोर जावं लागतं.

नेवाशात माझं लसीकरण सत्र नेहमीसारखं सकाळी लागायचं. कोपीवर त्या वेळी एखादी म्हातारी आणि कोंबड्या. संध्याकाळी जावं, तर लस त्याच दिवशी परत शीतसाखळीत पोचवावी लागते, आणि गोवराची कुपी पाण्यात कालवली की चार तासांत संपवावी लागते किंवा फेकावी लागते. मग मी भाकरीची वेळ धरली. दुपारी टोळी फडाच्या कडेला पाचटावर जेवायला बसते, तेव्हा लसीची पेटी गाडीला लावून थेट फडात जायचं. उसाच्या पात्यानं हात कापतात म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा घालून गेले. एका बाईनं पाचटावर पसरलेल्या गोधडीवरून लेकरू उचललं, ओच्यातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं माता-बाल कार्ड काढलं. कार्डावरचे पहिले तीन डोस पाथर्डीचे, अक्षर माझं. मी तिला ओळखलं नव्हतं, तिनं मला ओळखलं. “तुम्हीच टोचलंय की ह्याला,” ती म्हणाली. मांडीवर घट्ट धरून बसली, लेकरू रडलं, तिनं तिथंच पदराआड घेतलं, आणि अर्ध्या तासात कोयता उचलून पुन्हा उसात शिरली. तिच्यामागोमाग टोळीतल्या बाकीच्या चौघी आपापली लेकरं घेऊन आल्या.

जामखेडला एका प्रशिक्षणाच्या निमित्तानं गेले होते तेव्हा ऐकलेलं मला त्यानंतर नीट उमगलं. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केलं, तेव्हा त्यांनी गावातल्याच बाया निवडल्या. पुष्कळशा न शिकलेल्या, दलित वस्तीतल्या, स्वतः बाळंतपणं सोसलेल्या. त्यांना आठवड्याला शिकवलं आणि पुन्हा गावात पाठवलं. जागतिक आरोग्य संघटनेनं १९७५ साली काढलेल्या पुस्तकात जामखेडचं प्रकरण आलं, १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज गावोगाव दिसणाऱ्या आशाताईंच्या मागं या कामाचा वाटा आहे. मी त्या बायकांपैकी काहींना बोलताना ऐकलं. बाळ आडवं आहे का, बाळंतिणीला झटके येतील का, हे त्या हातानं आणि डोळ्यानं ओळखायच्या. आरोळ्यांनी ज्ञान दवाखान्यातून काढून गावात नेऊन ठेवलं. माझं गाव तर सहा महिने चालत्या ट्रॅक्टरमध्ये असतं. मग ज्ञानही ट्रॅक्टरमध्येच बसवायला हवं.

आता मी प्रत्येक टोळीतली एक बाई धरते. शिकलेली असावी असा आग्रह नाही. जिचं इतर बायका ऐकतात ती. नवरात्राच्या आधीच्या आठवड्यात त्या सगळ्यांना उपकेंद्रात बोलावते. प्रत्येकीजवळ ओआरएस, तापाच्या गोळ्या, जखमेचं सामान, थर्मामीटर आणि पॅडची पाकिटं देते. लोहाच्या गोळ्या ज्या-त्या गरोदर बाईला स्वतंत्र देते, आणि त्या चहाबरोबर घेऊ नका, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्या, शौचाला काळं झालं तर घाबरू नका, हे टोळीतल्या त्या बाईसमोरच सांगते, म्हणजे पुढं ती आठवण करून देईल. धोक्याची लक्षणं आम्ही पाठ करून घेतो: गरोदर बाईचं डोकं फार दुखणं, डोळ्यापुढं अंधारी, अंगावर जाणं, बाळाची हालचाल थांबणं, बाळाचं दूध तुटणं, छाती आत ओढणं. यातलं एक जरी दिसलं तरी मुकादमाला न विचारता १०८.

पाळणा लांबवण्याचं याच दिवसांत ठरवावं लागतं. अंतराचं इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचं. सप्टेंबरात घेतलेल्या बाईचा पुढचा डोस डिसेंबरात येतो, म्हणजे कारखान्यावर; जास्तीत जास्त चार आठवडे उशीर चालतो. ज्या बाईला तिथला दवाखाना मिळणारच नाही तिला मी छायाची गोळी सुचवते, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. ती ठरलेले वार घोकून जाते.

मागं राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. रक्तदाबाची गोळी महिन्याला संपते, आणायला जाणारं कुणी नसतं. त्यांची वेगळी यादी आशाताईंकडं असते. त्या दर बाजाराच्या दिवशी फिरतात. हंगामी वसतिगृहातल्या पोरांची खरूज याच काळात पसरते. एकाला मलम लावून भागत नाही. खोलीतल्या सगळ्यांना एकाच रात्री गळ्यापासून पायापर्यंत लावायचं आणि दुसऱ्या दिवशी अंथरुणं उन्हात टाकायची. दुपारचं जे ऊन वेचणीत नकोसं होतं ते इथं उपयोगी पडतं.

यंदाच्या याद्या लावून झाल्या आहेत. नेवासे, राहुरी आणि श्रीरामपूरकडं गेलेल्या टोळ्यांच्या बायांची नावं, अंतराच्या तारखा, बाळांचे राहिलेले डोस मी तिकडच्या सिस्टरांना व्हॉट्सअपवर पाठवले. त्यांच्यापैकी दोघी आता फडात दुपारी जातात. सोलापूरकडच्या एका केंद्राशी मुश्किलीनं ओळख निघाली. कर्नाटकात गेलेल्या टोळ्यांचं मात्र जमलेलं नाही. तिथं कोणत्या गावाजवळ कोप्या पडल्या हेच अजून नक्की कळलेलं नाही. त्यांतल्या एका टोळीत दोन गरोदर बाया आहेत आणि एक दहा महिन्यांचं पोर, ज्याची गोवराची लस राहिली आहे. त्या टोळीच्या मुकादमाचा फोन लागत नाही. त्याचा भाऊ गुरुवारच्या बाजाराला येतो असं समजलंय, त्याला गाठायचं आहे.